न मांडलेला खडा

बाकावर माझ्या आधी एक माणूस येऊन बसला होता, आणि तो माझा होणारा व्याही होता.

मी जिन्याच्या तोंडाशीच थबकले. ते पाठमोरे होते, पण जन्मभर एसटीचं स्टेअरिंग धरल्यानं पुढं आलेले खांदे मी लगेच ओळखले. गोवर्धन नागोसे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या निलकंठशी माझ्या यामिनीचं साक्षगंध ठरलेलं होतं. आमच्या गावापासून नागपूर म्हणजे अख्खी सकाळ बसमध्ये जाते. इतक्या लांब, विद्यापीठाच्या इमारतीतल्या या बोळात, या माणसाचं काय काम असावं?

मला एकच काम सुचलं. गुपचूप खाली उतरावं म्हणून वळले, तर चपलेचा आवाज झाला.

"बाप्पा! विहीणबाई?" ते उठून उभे राहिले. "तुमी इथं काऊन?"

"भाचीचा निकाल," मी म्हणाले. "राखून ठेवला म्हणतात. अन् तुमी?"

"मी?" त्यांनी बोळात इकडंतिकडं पाहिलं. "निलकंठच्या केंद्राचं काम. तो लोकांचे फॉर्म भरून देतो नं कंप्युटरवर, त्याची कायतरी परवानगी पाहिजे."

"ते इथं मिळते?"

"इथंच म्हणे."

"निकालही इथंच म्हणे."

मग आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो. मधे माझी पिशवी. समोरच्या दारावर पाटी होती, ती मी सावकाश वाचली. बैठक कक्ष. वाचायला मी पस्तिशी उलटल्यावर शिकले, साक्षरतेच्या वर्गात, यामिनीला मांडीवर घेऊन. अजूनही जोडाक्षर आलं की अंधारात पायरी चाचपावी तशी मी पुढं सरकते. दार अर्धवट उघडं होतं. आतून मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज येत होता. मला त्याच दारातून आत जायचं होतं. पण हा माणूस इथून उठल्याशिवाय मला हलता येत नव्हतं.

मी कशासाठी आले होते, ते सांगायला हवं.

आमच्या भागात रक्ताचा एक आजार आहे. सिकलसेल. सरकारी तपासणीत प्रत्येकाला कार्ड मिळतं. पांढरं म्हणजे काही नाही. लाल म्हणजे आजार. पिवळं म्हणजे माणूस धडधाकट, पण आजार रक्तात लपलेला. दोन पिवळी एकत्र आली तर पोटी लाल पोर येऊ शकतं, असं नर्सबाई सांगत. माझ्या यामिनीचं कार्ड पिवळं होतं. ते मी तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलं होतं. कारण नर्सबाई काहीही सांगोत, लोक पिवळं आणि लाल वेगळं करत नाहीत. "त्या घरात आहे," एवढंच म्हणतात, आणि मग त्या घरातल्या सगळ्या पोरी बसून राहतात.

आणि सोयरीक तर छान जुळली होती. आमच्याकडं बोलणी करताना दोन्हीकडच्या म्हाताऱ्या सारवलेल्या जमिनीवर घर मांडतात. बाईला चिंचोका, पुरुषाला खडा. वर आजा-आजी, खाली त्यांची लेकरं, त्याखाली नातवंडं, आणि नवराबायकोच्या मधे एक काडी. कूळ एक येत नाही ना, कुणाची मामी कुणाची चुलती लागत नाही ना, ते एका नजरेत कळतं. नागोसेभाऊंची बहीण तुळसाआत्या हिनं त्यांचं घर मांडलं, मी आमचं. दोन्ही घरं शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांनी पाहिली. कुठं अडलं नाही. चहा झाला. कार्डाचं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून मी देवाजवळ दिवा लावला.

तेवढ्यात एक दिवस सबनीस मॅडम आमच्या अंगणात आल्या. या विद्यापीठातल्या. काही वर्षांपूर्वी त्यांनीच गावोगाव फिरून, घरंच्या घरं, सगळ्यांचं रक्त घेतलं होतं आणि त्यावर मोठं पुस्तक लिहिलं होतं. बाई गोड. जमिनीवर बसून आमची भाजी-भाकर खाणारी.

"मावशी, पेढे द्यायला आले," त्या म्हणाल्या. "तुमच्या घराचा अभ्यास आता कपाटात राहणार नाही."

"आत्ता कपाटात आहे?"

"एक प्रत लायब्ररीच्या कपाटात. आणि त्यावरचा लेख परदेशी मासिकात. तो वाचायला इतके पैसे पडतात की माझंच लिहिलेलं मला परवडत नाही!" त्या हसल्या. "सोमवारी आमच्याकडं बैठक आहे. विद्यापीठातलं सगळं संशोधन खुलं करायचं, असा आमचा आग्रह आहे. कुलूप नाही, फी नाही. कुणीही उठावं आणि मोबाइलवर वाचावं."

"अन् आमची नावं?"

"एकही नाव नाही. गावाचंसुद्धा नाही. बघा ना."

त्यांनी मांडीवर लॅपटॉप उघडला. त्यावर चित्र होतं. गोल आणि चौकोन, मधे रेघा.

"गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष," मॅडम म्हणाल्या. "अर्धा काळा म्हणजे पिवळं कार्ड. पूर्ण काळा म्हणजे आजारी. सांगा, कुणी ओळखेल का?"

मी बघतच राहिले. ते माझं घर होतं. वर माझे सासरे आणि त्यांच्या दोन बाजूला दोन बायका. खाली एकाच टोकातून फुटलेले दोन चौकोन, म्हणजे माझा नवरा आणि त्याचा जुळा भाऊ. पलीकडं चार गोल ओळीनं, माझ्या नणंदा. माझा नवरा अर्धा काळा, त्याच्या शेजारी मी, अर्धी काळी. खाली यामिनी, अर्धी काळी. असं घर आमच्या पंचक्रोशीत दुसरं नाही. वाचता न येणारी कुठलीही म्हातारी एका नजरेत म्हणाली असती, हे भागरताचं घर. ज्या बाईनं आमचं रक्त बाटलीत भरून नेलं, तिला आम्ही घर कसं मांडतो ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

यामिनीच्या डाव्या हाताला आणखी एक चौकोन होता. पूर्ण काळा. त्यावर तिरकी रेघ.

"ही रेघ कायची?"

मॅडमचा आवाज खाली आला. "जे गेले त्यांच्यावर मारतात, मावशी."

तो हिरामण होता. माझा थोरला. शाळेतून येताना गुडघे धरून बसायचा. कुणी संधिवात म्हणालं, कुणी करणी म्हणालं, आणि दाढीमिशा फुटायच्या आतच तो गेला. मॅडमनी आमचं रक्त तपासलं तेव्हा, इतक्या वर्षांनी, कळलं की त्याला काय होतं.

"तुम्ही तर किती उशिरा वाचायला शिकलात," मॅडम म्हणाल्या. "कुलुपातलं ज्ञान म्हणजे काय, ते तुम्हालाच जास्त कळेल."

मी मान हलवली. मग विचारलं, "त्या बैठकीत आमच्यासारख्याले बोलता येते का?"

"येतं की! तुम्ही याल?" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. इतका आनंद त्यांना झाला. कुलूप काढू नका, असं सांगायला मी येणार होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मला निलकंठची बोटं दिसू लागली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कंप्युटरसमोर बसणारं पोर. चुलीपुढं बसले की डोळ्यांपुढं त्याची बोटं यायची, टकटक टकटक, आणि एकदम थांबायची. आणि मग तो तुळसाआत्याला हाक मारायचा, आत्या, हे पाय बरं.

आणि आता त्याचा बाप माझ्या शेजारी बसला होता.

आतलं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं.

"पगार सरकारचा, प्रयोगशाळा सरकारची," सबनीस मॅडमचा आवाज होता. "रक्त लोकांचं. आणि त्यातून निघालेलं मात्र लोकांनी वाचायचं नाही?"

"वाचू नये असं कोण म्हणतंय?" हा जाड आवाज पुरुषाचा. "पण उघडं टाकलं की कुणीही वाचेल."

"वाचू दे ना, रायपूरकर सर."

"कुणीही म्हणजे कुणीही, मॅडम. ज्यांच्यावर लिहिलंय तेसुद्धा."

"मग?"

"मग ते इथं येतील!"

आत सगळे हसले. मी पदर गच्च धरला. नागोसेभाऊंनी रुमालानं मान पुसली. बोळात गारवा होता.

"विहीणबाई," ते एकदम म्हणाले, "तुमाले वाचता येते नं?"

"येते. हळूहळू."

"मोबाइलवर?"

"मोबाइलवर नाई येत."

त्यांनी श्वास सोडलेला मी ऐकला. का सोडला असेल? मला वाटलं, हे मला चाचपून राहिले. हिला कळलंय का, हिला किती माहीत आहे. मग मीही विचारलं, "आमचे जावई काय काय वाचतात हो दिवसभर?"

"तो? फॉर्म!" ते जरा मोठ्यानंच म्हणाले. "फॉर्मशिवाय काई नाई. डोळे वर करत नाई पोट्टा."

"बाकी काई नाई पायत?"

"बाकी कायले पाहील? वेळ कुठी आहे?"

दार उघडलं. शिपाई बाहेर आला.

"खुल्या वाचनाच्या विषयावर बोलायले बाहेरून कोणी आलं का?"

मी पंख्याकडं पाहिलं.

"बाहेरचे दोघं येणार होते म्हणून मॅडम बोलल्या. कोणी आहे का?"

दोघं? मी नागोसेभाऊंकडं बघणार होते, पण मान वळेना. ते आपल्या चपलेचा पट्टा सारखा करत होते. पट्टा चांगला होता.

"तुमी कायसाठी बसल्या, आजी?"

"निकालासाठी."

"निकाल खाली. इथं नाई. अन् तुमी?"

"जाऊनच राहिलो," नागोसेभाऊ म्हणाले, पण उठले नाहीत. मीही उठले नाही. शिपाई दोघांकडं आळीपाळीनं बघत आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "कोणी नाई साहेब. दोन म्हातारे बसले, पण ते वेगळ्या कामाचे."

आता माझ्या डोक्यात सगळं पक्कं झालं. यांना कुणीतरी सांगितलं. हे पुस्तक बघायला आले. बघतील, गावी जातील, आणि पान सुपारीसकट परत पाठवतील. यामिनीनं साक्षगंधाची साडी शेजारच्या बायकांना घडी मोडून दाखवली होती. मी मनातल्या मनात ती घडी परत घालू लागले.

तेवढ्यात सबनीस मॅडम स्वतःच बाहेर आल्या.

"भागरता मावशी! अहो, शिपाई म्हणतो कुणी नाही." मग त्यांची नजर पलीकडं गेली. "आणि नागोसे काका! तुम्हीपण आलात! किती बरं झालं. तुम्ही दोघं ओळखता का एकमेकांना? तुमच्या दोघांच्याही घरचा—"

त्या थांबल्या. आमचे चेहरे पाहून थांबल्या. हात आपोआप त्यांच्या तोंडाकडं गेला.

मग नागोसेभाऊ माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमच्याही घरी आल्या होत्या मॅडम?"

"रक्त घ्यायले."

"आमच्याही."

आत टेबलावर कुणीतरी पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज झाला.

"मॅडम," मी म्हणाले, "तुमच्या हातात ते पुस्तक आहे नं? यांच्या घराचं चित्र दाखवा."

"मावशी, ते मी कसं दाखवू? दुसऱ्या कुटुंबाचं आहे. तसा नियम आहे."

"साऱ्या जगाले दाखवाचं म्हणता, अन् मले नाई?"

नागोसेभाऊंनी हात पुढं केला. "द्या इकडं. माझं घर आहे, मी दाखवतो."

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि बोट ओलं करून पानं उलटली. ते पान त्यांना बरोबर माहीत होतं. मॅडमनी त्यांच्याही अंगणात बसून ते दाखवलं असणार, आणि तेही असेच बघत राहिले असणार.

मी बघितलं. तुळसाआत्यानं आमच्या जमिनीवर मांडलेलं घर तसंच्या तसं होतं. तीन भाऊ, मधला निपुत्रिक, आणि बहीण तुळसाआत्या स्वतः. थोरल्याची पाच. नागोसेभाऊ धाकटे, अर्धे काळे. त्यांची बायको अर्धी काळी. खाली थोरला मुलगा, कोरा. निलकंठ, अर्धा काळा. आणि त्या दोघांच्या मधे एक गोल, जो आत्यानं मांडला नव्हता. पूर्ण काळा. वर तिरकी रेघ.

"हे कोण?"

नागोसेभाऊंनी त्या गोलावर बोट ठेवलं, आणि तो झाकला गेला.

"सुगंधा," ते म्हणाले. "माझी पोट्टी. लई बोलायची. मी ड्युटीवरून आलो की टोपी घालून घंटी वाजवायची, चला, चला, पुढं सरका." बोट त्यांनी उचललं नाही. "लहानच गेली."

लग्न न होता जे जातात, त्यांचं आमच्याकडं मांडत नाहीत. शुभकार्यात मेलेली लेकरं बोलावू नयेत, अशी रीत. तुळसाआत्यानं त्यांची सुगंधा मांडली नाही. मी माझा हिरामण मांडला नाही. खडे-चिंचोके सगळे जागच्या जागी होते, आणि ज्या दोघांनी आम्हाला सावध केलं असतं, तेवढेच नव्हते.

मी त्यांच्या हातून पुस्तक घेतलं आणि माझ्या घराचं पान काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला.

"अन् हा?"

"हिरामण."

त्यांनी मान हलवली.

यामिनी अर्धी काळी. निलकंठ अर्धा काळा. मी डोळ्यांपुढं दोघांच्या मधे काडी ठेवली आणि खालची जागा बघितली. शाळेतून येताना रस्त्यात गुडघे धरून बसलेलं एक पोर मला तिथं दिसलं. इतके दिवस मला भीती होती, सोयरीक मोडेल. त्या बाकावर पहिल्यांदा मला त्याहून मोठी भीती वाटली, की ती मोडली नसती तर. मॅडमनी पाणी आणलं.

"आत याल का?" मॅडमनी हळूच विचारलं. "नको असेल तर नको."

मी आत गेले. नागोसेभाऊ माझ्या मागं येऊन दाराशी उभे राहिले. लांबलचक टेबल होतं. अध्यक्षांनी घड्याळ पाहून म्हटलं, "बोला बाई. थोडक्यात."

रायपूरकर सर माझ्याकडं आशेनं बघत होते. बहुतेक त्यांना वाटलं, मी कुलुपाच्या बाजूची असेन.

"कुलूप लावा, असं म्हणायले आली होती," मी म्हणाले.

"बघा!" रायपूरकर सर म्हणाले.

"आता तसं म्हणता येत नाई. उघडा, असंही म्हणता येत नाई." मी खुर्चीची पाठ धरली. "आमाले मॅडमनी चित्र दाखवलं. ते चांगलं केलं. पण पुस्तक लिहून झालं तेव्हाच दाखवाचं होतं. तुमच्या कपाटात जायच्या आधी. परदेशात जायच्या आधी. एकेका घरी बसून, ज्याचं त्याले. मग जगाले काय दाखवाचं, काय झाकाचं, ते आमच्याशी बोलून करता आलं असतं. मी माझी पोट्टी—"

"ठीक आहे, ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "यांचं म्हणणं लिहून घ्या. पुढचा मुद्दा?"

त्या बैठकीत काहीच ठरलं नाही. विषयासाठी एक समिती नेमली, असं मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "मावशी, नावं काढली म्हणजे झालं, असं मला खरंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या वयाच्या माझ्या भाच्या आहेत.

परतीच्या बसमध्ये आम्ही एकाच सीटवर बसलो. बराच वेळ नागोसेभाऊ फक्त ड्रायव्हरकडं बघत होते. एका वळणावर म्हणाले, "गिअर उशिरा टाकला यानं." भंडारा मागं पडल्यावर ते विषयावर आले.

"सोयरीक तर मोडलीच, बाई."

"मोडलीच."

"पण कोणी मोडली, ते ठरवा लागते. लोकं विचारतात. तुमच्या पोट्टीचं नाव नाई येऊ द्यायचं."

"मग?"

"आमच्यात दोष निघाला, म्हणून तुमी नाई म्हणालात. निलकंठचं कार्ड पिवळं. विद्यापीठाच्या बुकात चित्रासकट छापलं. असं मी सांगतो, चारचौघांत. पोट्ट्याचं काय, त्याले कोणीतरी देईलच."

"अन् आमचं चित्र?"

"ते कोण पायते? मी तर पाहिलं नाई."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यांचे उपकार कसे मानावे, मला कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर उपकाराच्याही आधी माझ्या मनात एकच गोष्ट आली. तांदळाच्या डब्याला हात लावायला नको.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. श्रावणच्या चहाच्या टपरीवर पाचसहा माणसं होती. पलीकडं निलकंठचं केंद्र, शटर अर्धं वर. यामिनी मला न्यायला सायकल घेऊन आली होती. होणाऱ्या सासऱ्याला माझ्याबरोबर उतरताना पाहून तिनं लगेच ओढणी डोक्यावर घेतली आणि वाकून पाया पडली.

नागोसेभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ताठ उभे राहिले, आणि एसटीतल्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "पोरी, हे लग्न होणार नाई. तुझी आई नाई म्हणते, अन् बरोबर म्हणते. दोष आमच्यात आहे. निलकंठचं कार्ड पिवळं आहे. तशी एक पोट्टीही माझी गेली. विद्यापीठाच्या बुकात आमचं सारं घर छापलं आहे. मी तुमाले आधी सांगितलं नाई."

टपरीवर बोलणं थांबलं. निलकंठ शटरखालून वाकून बाहेर आला. त्यानं बापाचे शब्द ऐकले होते, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

यामिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी हळूच मान हलवली. बोलू नको. पोरी, बोलू नको. आयुष्यात मी इतकी कुणाला विनवणी केली नसेल, आणि तीही तोंड न उघडता.

ती सासऱ्याकडं वळली. "काका, माझंही पिवळंच आहे."

श्रावणचा स्टोव्ह सूं करत होता.

"कधीपासून?" निलकंठनं विचारलं. बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही.

"जन्मापासूनच असते नं," यामिनी म्हणाली. एक क्षण दोघांनाही हसू येईल असं वाटलं. ते आलं नाही. तिनं ओठ दातांत धरला.

"मग आता?" नागोसेभाऊंचा मोठा आवाज कुठंतरी गेला होता.

"मग आता नाई, काका," ती म्हणाली. "माझा भाऊ मी पाहिला नाई. पण आई अजूनही त्याच्या शाळेच्या वेळेले दारात येऊन उभी राहाते."

मला वाटलं होतं, मी हे कुणाला कळू दिलेलं नाही.

निलकंठनं मान डोलावली. एकदा, दोनदा. मग सायकलचा स्टँड पडला होता तो त्यानं पायानं वर केला, उगीच, काहीतरी करायचं म्हणून, आणि केंद्रात परत गेला. शटर त्यानं खाली ओढलं नाही.

मी टपरीवरच्या माणसांकडं बघू शकत नव्हते. उद्या गावात काय होईल, ते मला दिसत होतं. विहिरीवर गप्प होणाऱ्या बायका. माझ्या नणंदांच्या पोरी. मी यामिनीच्या मनगटाला धरून निघाले, तर श्रावण दोन ग्लास चहा घेऊन पुढं आला. आम्ही मागवला नव्हता. ग्लास देताना तो खाली वाकला, अगदी माझ्या कानाशी आला.

"काकू," तो म्हणाला, "त्या बुकात आमचं घर आहे का?"

त्यानं शक्य तितक्या हळू विचारलं होतं. पण शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसानं चहाची बशी ओठांपर्यंत नेली होती, ती त्यानं तशीच धरून ठेवली. त्याच्या पलीकडच्यानंही.